फॉर्म ११ वर सही करण्यापूर्वी

वडगाव, बेळगाव

चि. ताई,

तू पाठवलेले चारही फोटो मोठे करकरून पाहिले. जुन्या कंपनीची पगाराची स्लिप, नव्या कंपनीचं ऑफर लेटर, ‘आपले पर्याय निवडा’ म्हणून आलेला तक्ता आणि फॉर्म ११. फोनवर तू म्हणालीस, “काका, कुठं टिक करायची एवढंच सांगा.” एवढंच सांगितलं तर पुढच्या वेळी पुन्हा फोन करशील, आणि तुझ्या या कामात पुढची वेळ दोन-तीन वर्षांनी येणारच. म्हणून सविस्तर लिहितोय. शुक्रवारपर्यंत मुदत आहे ना? मग जेवणं झाल्यावर निवांत वाच. जावईबापूंनाही दाखव.

आधी तू नोकर नक्की कुणाची, ते बघ. बसतेस एका कंपनीत, काम तिचं, गळ्यातल्या ओळखपत्राची फीत तिची. पगार मात्र येतो मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीकडून. आता खुर्ची तीच, मॅनेजर तोच, पगार देणारी कंपनी तेवढी बदलणार. तुमच्या भाषेत ‘थर्ड पार्टी पेरोल’. तुला वाटतंय, काहीच बदललं नाही. कागदावर मात्र तू एक नोकरी सोडून दुसरी धरतेस, आणि पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी यांना तुझी खुर्ची दिसत नाही, कागदच दिसतो.

हा प्रकार बेंगळुरूच्या काचेच्या इमारतींत जन्मला असं समजू नकोस. आपल्या निपाणीत विडीचा धंदा असाच चालत आला. कारखानदार ठेकेदाराला पान-तंबाखू द्यायचा, ठेकेदार ते घरोघरी वाटायचा, बाया विड्या वळून हजारी हिशेबानं आणून द्यायच्या. पीएफचं नाव काढलं की कारखानदार म्हणायचा, या बाया ठेकेदाराच्या. ठेकेदार म्हणायचा, मी नुसता मधला माणूस. पीएफचा कायदा १९५२ चा. विडी उद्योगाला तो लागू झाला १९७७ मध्ये. आणि घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा या कायद्याखाली कामगारच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात सांगितलं. मधे ठेकेदार घातला म्हणून कारखानदार सुटत नाही. तू एसीत बसतेस एवढाच काय तो फरक. ठेकेदार कंपनीनं तुझा पीएफ भरला नाही, तर तो भरण्याची जबाबदारी तू जिथे काम करतेस त्या मूळ कंपनीवर येते. पीएफ योजनेच्या परिच्छेद ३० मध्ये हे स्वच्छ लिहिलंय. हे लक्षात ठेव, कधीतरी उपयोगी पडेल.

आता तो फॉर्म. नोकरीला लागताना पंधरा-वीस सह्या असतात, त्यातलीच ही एक म्हणून तुम्ही मुलं ठोकून मोकळी होता. मी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत हिशेब बघायचो तेव्हा दरमहा १२ए, वर्षअखेर प्रत्येक माणसाचा ३ए आणि सगळ्यांचा मिळून ६ए, असे पीएफचे कागद हातानं भरायचो. एका आकड्याची चूक झाली की माणूस निवृत्त होताना ती उभी राहायची. २०१२ पासून सगळं ऑनलाइन झालं. चूक मात्र अजून तशीच वीस वर्षांनी उभी राहते.

फॉर्म ११ मध्ये दोन प्रश्न महत्त्वाचे. यापूर्वी तुम्ही १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेचे सभासद होता का? आणि १९९५ च्या पेन्शन योजनेचे सभासद होता का? तुझ्या त्या एचआरच्या मुलानं सांगितलं म्हणे, “मॅडम, दोन्हीकडे ‘नाही’ करा, पीएफ कापायलाच नको, हातात जास्त येतील.” त्याचा हेतू वाईट असेल असं नाही. त्यानं नियमाचा पूर्वार्ध ऐकलाय. पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याचा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,००० च्या वर असेल, तर त्याला पीएफच्या बाहेर राहता येतं. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची. त्याआधी ती ६,५०० होती. उत्तरार्ध असा, की एकदा जो सभासद झाला आणि ज्यानं खातं बंद केलं नाही, त्याला पगार वाढला म्हणून बाहेर पडता येत नाही. तू पुण्यात पहिल्या नोकरीला लागलीस तेव्हा तुझा बेसिक ११,००० होता. तिथंच तू दोन्ही योजनांची सभासद झालीस. आता ‘नाही’ लिहिणं म्हणजे सहीनिशी खोटं लिहिणं, आणि तेही स्वतःच्याच तोट्याचं.

तोटा कसा, ते सांगतो. २०१४ च्या त्याच तारखेपासून असाही नियम आला की १५,००० च्या वरच्या पगारावर जो पहिल्यांदा सभासद होतो, त्याला पेन्शन योजनेत घेतच नाहीत. म्हणजे तुझ्या शेजारी बसणारी, थेट मोठ्या पगारावर लागलेली मुलगी या पेन्शनमध्ये नसेलच. तू आधीपासून आत आहेस म्हणून पगार वाढूनही आतच राहतेस. कंपनीच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के, तेही १५,००० वरच मोजून, म्हणजे महिना १,२५० रुपये, तुझ्या पेन्शनकडे जातात. पेन्शन मिळायला दहा वर्षांची नोकरी लागते. तुझी पुण्यातली तीन आणि बेंगळुरूतली पाच मिळून आठ भरली. दोन राहिली. इथं ‘नाही’वर टिक केलीस की नवी कंपनी तुला नवखी म्हणून दाखवणार, पेन्शनचा हिस्सा जाणार नाही, आणि ती आठ वर्षं तशीच लोंबकळत राहणार.

पेन्शनचं सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. दहा वर्षांना १५,००० वर महिना २,१४३ रुपये होतात, ५८ व्या वर्षापासून. तीस वर्षं केलीस तर वीस वर्षांवरच्या नोकरीला मिळणारी दोन वर्षं जास्तीची धरून ६,८५७. तू म्हणशील, बेंगळुरूत एवढ्यात घराचं मेंटेनन्ससुद्धा भागत नाही. खरं आहे. मीही या पेन्शनला मोठं म्हणत नाही. पण दुसरी बाजू बघ. नोकरीत असताना सभासदाचं काही बरंवाईट झालं तर दहा वर्षांची अट उरत नाही. एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी जोडीदाराला आणि, वयाच्या पंचविशीपर्यंत, दोन मुलांना पेन्शन सुरू होते. शिवाय पीएफला जोडलेला विमा आहे, त्याची रक्कम ७ लाखांपर्यंत जाते आणि त्याचा हप्ता कंपनीच्या बाजूनं भरला जातो. पीएफबाहेर राहिलीस की हे सगळं एका टिकेसरशी गेलं.

तेव्हा दोन्हीकडे ‘होय’. जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, स्पष्ट अक्षरात लिही. तुझ्या स्लिपवर पाहिलं, पुण्यापासून नंबर एकच आहे; हे फार चांगलं झालं. पुष्कळ मुलांचे ठेकेदार बदलताना दोन-दोन, तीन-तीन नंबर होतात आणि मग ते एकत्र करताना जीव जातो.

जुन्या खात्यातले पैसे काढायचे का, हा तुझा दुसरा प्रश्न. घराच्या डाउन पेमेंटसाठी मोह होतोय, कळतं मला. पण ते काढणं आणि ट्रान्सफर करणं यात फार अंतर आहे. पाच वर्षांची सलग नोकरी व्हायच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो. ट्रान्सफर करत गेलीस तर आधीच्या कंपन्यांची वर्षंही त्यात धरतात. तुझी पाच झालीत, म्हणजे कराची भीती नाही. खरी भीती फॉर्म १०सी ची. पीएफ काढताना पोरं त्याच झटक्यात हाही फॉर्म भरतात, पेन्शनकडचे पाच-पंचवीस हजार हातात येतात आणि वर्षांचा हिशेब शून्यावर येतो. तो फॉर्म भरायचा नाही. घरासाठी लागलेच तर पीएफमधून अंशतः काढता येतात, नोकरी चालू असताना; त्यानं पेन्शनच्या वर्षांना धक्का लागत नाही. आणि केंद्रीय विश्वस्त मंडळानं १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत ठरवलं की नोकरी सुटल्यावर पीएफचा पूर्ण हिशेब दोन महिन्यांऐवजी बारा महिन्यांनी आणि पेन्शनची रक्कम छत्तीस महिन्यांनी काढता यावी. लोक आठव्या-नवव्या वर्षी पेन्शन मोडून बसतात, त्यांना आवरायलाच हा निर्णय. मला तो पटला.

ट्रान्सफर झाली की पासबुक उघडून बघशील आणि पेन्शनच्या रकान्यात जुनी रक्कम दिसणार नाही. लगेच मला फोन करू नकोस. पेन्शनचे पैसे सरकत नसतात, वर्षं सरकतात. तू बघायची ती ‘सर्व्हिस हिस्टरी’: पुण्याच्या कंपनीत लागल्याची आणि सुटल्याची तारीख, बेंगळुरूच्या पहिल्या ठेकेदाराकडे लागल्याची आणि सुटल्याची तारीख. सुटल्याची तारीख टाकणं जुन्या कंपनीचं काम. त्यांनी टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुला स्वतः आधारच्या ओटीपीवर टाकता येते.

आता तक्त्यातला पहिला पर्याय: पीएफ पूर्ण बेसिकवर १२ टक्के, की महिना १,८०० वर थांबवायचा? १,८०० म्हणजे १५,००० चे १२ टक्के, कायद्यानं बंधनकारक तेवढेच. तुझा नवा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च, महिना ८०,००० आणि बेसिक ४०,०००. पूर्ण १२ टक्के म्हणजे तुझे ४,८०० आणि ‘कंपनीचे’ ४,८००. हे अवतरणचिन्ह मुद्दाम घातलं. ऑफर लेटर पुन्हा वाच. कंपनीचा हिस्सा ८०,००० च्या आतच धरलाय, वर नाही. प्रशासकीय खर्चाचा अर्धा टक्का आणि विम्याचा अर्धा टक्काही त्यातच. म्हणजे दोन्ही खिसे तुझेच. म्हणून १,८०० चा पर्याय घेतलास की दोन्हीकडचे मिळून ६,००० ‘स्पेशल अलाउन्स’ होऊन हातात येतील, आणि एचआरवाला म्हणेल, बघा, पगार वाढला.

हे ६,००० दरमहा २५ वर्षं पीएफमध्ये राहिले आणि व्याज २०२४-२५ सारखं ८.२५ टक्के मिळत गेलं, तर साधारण ५६ लाख होतात. व्याज इतकं राहीलच याची हमी मी देत नाही. पण हातात आलेल्या ६,००० चं काय होतं, याची हमी देऊ शकतो. फाउंड्रीत ज्यांनी ज्यांनी कपात कमी करून घेतली, त्यांतल्या एकानंही ती रक्कम वेगळी साठवलेली मी पाहिली नाही. जाणकार लोक म्हणतील, म्युच्युअल फंडात जास्त मिळतात. मिळत असतील. हातात येण्याआधीच बाजूला पडणारा पैसा आणि हातात आल्यावर बाजूला टाकायचा पैसा, या दोहोंत पहिला टिकतो, असं माझं मत आहे. घराच्या हप्त्यानं अगदीच ओढाताण होणार असेल तर गोष्ट वेगळी. तो हिशेब तुम्ही दोघांनी बसून करा. नाहीतर पूर्ण १२ टक्क्यांवर टिक कर. हा निर्णय आत्ताच घ्यायचा, कारण १,८०० वरून पुढे वाढवायला कंपनीची संमती लागते आणि ठेकेदार कंपन्या मधेच असल्या बदलांना नाखूश असतात. अगदीच नाही म्हणाले, तर तुझ्या बाजूनं ऐच्छिक वर्गणी वाढवता येते.

बेसिक ४०,००० दाखवलाय हे बरं केलंय, मागच्या ठेकेदारानं २८,००० च दाखवला होता. बेसिक कमी आणि भत्ते जास्त, ही पीएफ वाचवायची जुनी युक्ती. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये विवेकानंद विद्यामंदिरच्या खटल्यात सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी पगारातच धरायचा. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच मोजतात. म्हणून हल्ली पुष्कळांचे बेसिक एकूण पगाराच्या निम्म्यापर्यंत चढलेत.

त्याच संहितांमध्ये तुझ्यासाठी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती त्या तक्त्यात कुणी लिहिलेली नाही. ग्रॅच्युइटी. सीटीसीमध्ये ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी म्हणून लावलेत बघ, बेसिकच्या, म्हणजे महिना १,९२४. ते तुला मिळणार कधी? जुन्या कायद्यात एकाच मालकाकडे पाच वर्षं पूर्ण झाली तर. ठेकेदार दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे, पाच कुणाकडेच भरायची नाहीत, आणि सीटीसीत दाखवलेली ती रक्कम कामगाराच्या हाती कधी पडायचीच नाही. पाच वर्षं एकाच खुर्चीवर बसून हातात भोपळा! नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला एक वर्षावर प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे. म्हणून ऑफर लेटरमध्ये ‘फिक्स्ड टर्म’ लिहिलंय का, मुदत कधी ते कधी लिहिलीय का, हे बघ. फोटोत दुसरं पान अर्धवट आलंय, मला वाचता आलं नाही. तिथं मोघम असेल तर ईमेलनं विचार: माझी नेमणूक ठरावीक मुदतीची आहे का, आणि मुदत संपल्यावर ग्रॅच्युइटी मिळेल का? उत्तरही ईमेलनंच माग. जुन्या कंपनीलाही सोडताना हेच लेखी विचारायचं. फोनवर सगळे ‘होय मॅडम’ म्हणतात.

आता तक्त्यातला दुसरा पर्याय: एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. आक्काच्या मुलानं तुला लंडनहून सांगितलं, “जेवढं टाकता येईल तेवढं पेन्शनमध्ये टाक, मी तेच करतो.” तो त्याच्या जागी बरोबर आहे. तोही तिकडं असाच मधल्या कंपनीमार्फत काम करतो, तिला अम्ब्रेला कंपनी म्हणतात. तिथं पगारावर मालकाला १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स भरावा लागतो, एप्रिल २०२५ पासून, आणि अम्ब्रेला कंपनी तो माणसाच्या ठरलेल्या दरातूनच काढते. मग ११५ पौंडांतले १५ तिथं गेले, उरलेल्या १०० वर २० टक्के आयकर आणि त्याच्या वाट्याचा ८ टक्के इन्शुरन्स गेला, हातात आले ७२. तेच पैसे पगार कमी करून घेऊन थेट पेन्शनमध्ये वळवले, तर कंपनीनं वाचलेला इन्शुरन्सही त्यात टाकला असता ११५ च्या ११५ पेन्शनमध्ये पडतात. काही कंपन्या ते वाचलेले १५ स्वतःच ठेवतात, तेव्हा १०० च पडतात. त्यानं आधी ते विचारून घेतलं, शहाणा आहे. पगार कमी करून किमान वेतनाच्या खाली नेता येत नाही, एवढीच मर्यादा. आता तिथल्या सरकारनंही हात आखडलाय: एप्रिल २०२९ पासून या मार्गानं वर्षाला २,००० पौंडांपर्यंतच इन्शुरन्सची सूट ठेवायची, असं त्यांनी नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं.

आपल्याकडं पगारावर असा इन्शुरन्स नाही. इथं कंपनीमार्फत एनपीएसमध्ये टाकायचं ते फक्त आयकर वाचवायला. नव्या करपद्धतीत खासगी नोकराच्या बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंतची मालकाची वर्गणी २०२४ च्या जुलैतल्या अर्थसंकल्पापासून करमुक्त आहे. आधी ती १० टक्के होती. पण ताई, तुला कर लागतोय कुठं? नव्या पद्धतीत पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२,७५,००० पर्यंत कर शून्य. तुझा सगळा सीटीसी वर्षाला ९ लाख ६० हजार. शून्यातून काय वाचवणार? उलट महिना ५,६०० अडकून पडतील. एनपीएसमधून मधे काढायची वेळ आली तर स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत काढता येतात, मालकाच्या नावानं गेलेली वर्गणी त्यात धरत नाहीत. आणि या पर्यायात सगळीच वर्गणी मालकाच्या नावानं जाते. कंत्राटाच्या नोकरीत दोन महिने घरी बसायची पाळी कधीही येऊ शकते. पीएफ अशा वेळी ७५ टक्के मोकळा होतो, एनपीएसमधले पैसे मात्र नुसते दिसतील, हाताला लागणार नाहीत. साठीनंतरचे नियम डिसेंबर २०२५ मध्ये सैल झाले, बिगरसरकारी सभासदाला आता ८० टक्क्यांपर्यंत रक्कम एकदम घेता येते, हे चांगलंच आहे. पण तुझी साठी अजून लांब आहे. एनपीएसवर यंदा ‘नको’.

हाच पर्याय दोन-तीन वर्षांनी तुझ्यासाठी सोन्याचा होईल. समज, तुझा करपात्र पगार साडेतेरा लाख झाला, बेसिक निम्मा. एनपीएस नसेल तर ७५,००० वजा जाता १२,७५,००० वर उपकरासह ७४,१०० रुपये कर बसेल. बेसिकचे १४ टक्के, म्हणजे ९४,५०० एनपीएसमध्ये वळवले की उत्पन्न १२ लाखांच्या खाली येतं आणि कर शून्य होतो. म्हणजे साठवलेल्या ९४,५०० पैकी ७४,१०० नाहीतरी कराला गेलेच असते. तो पगार आला की पहिल्या दिवशी एचआरला विचार. कित्येक ठेकेदार कंपन्या एनपीएसला जोडलेल्याच नसतात, तुझी आहे हे नशीब. खात्याचा नंबर मात्र तिथंही एकच राहतो, कंपनी बदलली तरी.

आता परत पीएफकडं. दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा पीएफ कंपनीनं भरायचा असतो. मोबाइलवर मेसेज येतो, तो नुसता पुसून टाकू नकोस. तीन महिन्यांतून एकदा पासबुक आणि पगाराची स्लिप शेजारी ठेवून बघायची सवय लाव. दोन महिने आकडा पडला नाही तर आधी ठेकेदाराला, मग मूळ कंपनीच्या एचआरला, दोघांनाही लेखी. पगारातून कापून घेतलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे, विश्वासघाताचा. हे त्यांना ठाऊक असतं. भांडण करायची गरज सहसा पडत नाही, विचारणारा माणूस आहे एवढं कळलं की पुरतं.

बाकी घरचं. तुझे बाबा मागावर आहेत, साडीचं काम बरं चाललंय असं म्हणतात, पण तू जाणतेस, ते कधी वाईट चाललंय म्हणत नाहीत. सूत मालकाचं, माग घरचा, मजुरी साडीमागे. फॉर्म ११ त्यांच्यापुढं आयुष्यात कुणी ठेवला नाही. पेन्शन योजनेत शिरायचं त्यांचं वय निघून गेलं, पण तुझ्या धाकट्या भावाचं नाही. त्याला तीस पूर्ण झालीत आणि तो आयकर भरत नाही, म्हणून त्याला अटल पेन्शन योजनेत जाता येतं. चाळिशीपर्यंतच घेतात, आणि आयकर भरणाऱ्याला १ ऑक्टोबर २०२२ पासून घेत नाहीत. त्याच्या वयाला महिना ५७७ भरले तर साठीनंतर महिना ५,००० ची सरकारी हमी आहे. मी सांगितलं तर ‘बघू’ म्हणतो. मंगाईदेवीच्या यात्रेला इकडं आलीस की त्याला हाताला धरून बँकेत घेऊन जा, तुझं ऐकतो तो.

आणि एक राहिलं. लग्नाआधी पुण्यात असताना तू पीएफला आईचं नाव लावलं होतंस. लग्न झालं की ते नामनिर्देशन रद्द होतं, हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि तू नवीन केलेलं नाहीस, स्क्रीनच्या फोटोत रकाना रिकामा दिसतोय. पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन आहे. जावईबापूंचा आधार नंबर आणि फोटो लागेल. आई-बाबा तुझ्यावर अवलंबून आहेत, त्यांनाही त्यात वाटा देता येतो. दहा मिनिटांचं काम आहे, ठेकेदाराची परवानगी लागत नाही, आजच कर.

तुझा,
काका